तू हे कसं काढलंस?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरची, पावसाळ्यात ढगात बुडालेली गावं. मधे पिरंगुट, घोटावडे, पौड, कोळवण, माले. हिंजवडीच्या बाजूला सोसायट्यांच्या फाटकाबाहेर शिष्यवृत्ती, नवोदय, ऑलिंपियाड अशा सगळ्या परीक्षांच्या क्लासच्या पाट्या दिसतात. मुळशी धरणाच्या मागच्या वाड्यांवर दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात आणि शाळा सुटल्यावर तेच जादा तास घेतात. परीक्षेच्या रविवारी मात्र दोन्हीकडच्या मुलांपुढे तेच प्रश्न येतात आणि तितकीच मिनिटं मिळतात. हे अंतर कमी करायला घरातल्या माणसांच्या हाती काय असतं, याबद्दल हे प्रकरण आहे. हाती पुष्कळ असतं, आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं काम करायला आईवडील शिकलेले असलेच पाहिजेत असं नाही.

आधी परीक्षा नीट समजून घेऊ. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली आहे. तिचं सगळं काम पुण्यातली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पाहते. अनेक पिढ्यांनी ती चौथी आणि सातवीत दिली. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५-२६ मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. वर्ग बदलले, तरी परीक्षेचा बाज तोच आहे. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी शाळांत इंग्रजीचे, २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के, म्हणजे ७५ पैकी ३० प्रश्न बरोबर यावे लागतात. पात्र ठरणं आणि शिष्यवृत्ती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती ठरलेल्या संख्येइतक्याच मुलांना गुणवत्ता यादीनुसार मिळते. पाचवीच्या परीक्षेसाठी ती वर्षाला ५,००० रुपये अशी तीन वर्षं आणि आठवीच्या परीक्षेसाठी ७,५०० रुपये अशी दोन वर्षं ठरवलेली होती.

दीड तासात ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा आकडा कळला की पालकांचा पहिला विचार वेगाचा असतो. घड्याळ लावून पेपर सोडवायचा, मग दुसरा, मग तिसरा. बाजारात सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मिळतात आणि ते संपवणं म्हणजेच तयारी, असा समज घरोघरी आहे. मला तो समज घातक वाटतो. सोडवलेला पेपर तपासून 'इतके बरोबर, इतके चूक' असं लिहिलं आणि बाजूला ठेवलं, तर मूल आधीपासून जे येत होतं त्याचाच वेग वाढवत राहतं. जे येत नाही ते तसंच राहतं.

बहुपर्यायी प्रश्नाची रचना पाहिली की हे नीट कळतं. असा एक प्रश्न घेऊ:

पौडला बसमध्ये ३४ प्रवासी होते. पिरंगुटला ९ प्रवासी उतरले आणि उतरलेल्यांपेक्षा ४ जास्त प्रवासी चढले. आता बसमध्ये किती प्रवासी आहेत? (१) २९ (२) ३८ (३) ४७ (४) २१

बरोबर उत्तर ३८. आता उरलेले तीन आकडे कुठून आले ते बघा. २९ कुणाचं येतं? ज्यानं 'उतरलेल्यांपेक्षा' हा शब्द गाळून '४ चढले' एवढंच वाचलं त्याचं. ४७ येतं त्याचं, ज्यानं चढलेले १३ बरोबर काढले, पण उतरलेले ९ वजा करायचे राहिले. आणि २१ येतं त्याचं, ज्यानं चढलेले १३ काढले, पण ३४ मधून फक्त तेच वजा केले. चांगला प्रश्न काढणारा शिक्षक चुकीचे पर्याय मनाला येतील तसे लिहीत नाही. वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांत त्यानं ज्या चुका पाहिलेल्या असतात, त्याच तो पर्याय म्हणून मांडतो. म्हणून मुलानं कोणता चुकीचा पर्याय निवडला यावरून ते नेमकं कुठं अडलं ते कळतं. २९ लिहिणाऱ्या मुलाला बेरीज-वजाबाकीची आणखी पन्नास उदाहरणं घालून काहीच उपयोग नाही. त्याचं गणित चांगलंच आहे, त्याला वाक्य शेवटपर्यंत वाचायची सवय हवी. ४७ लिहिणाऱ्याला प्रत्येक टप्प्यानंतरचा आकडा कागदावर मांडायची सवय हवी. दोघांचेही गुण सारखेच गेले, पण दोघांना लागणारी मदत वेगळी आहे.

ही मदत द्यायला घरात गणिताचा पदवीधर लागत नाही. समजा, आजीला अक्षरओळख नाही. नातू ओट्यावर बसून सराव करतोय आणि ती शेजारी तांदूळ निवडतेय.

"मोठ्यानं वाच की रं, मलाबी ऐकू दे."

"पौडला बसमध्ये चौतीस प्रवासी होते. पिरंगुटला नऊ उतरले आणि उतरलेल्यांपेक्षा चार जास्त चढले. आज्जी, उत्तर एकोणतीस."

"कसं काढलंस?"

"चौतीसातनं नऊ गेले, पंचवीस. चार चढले, एकोणतीस."

"चारच चढली व्हय? परत वाच बरं तेवढं."

"उतरलेल्यांपेक्षा चार जास्त... अगं, म्हणजे तेरा!"

आजीनं काहीच शिकवलं नाही. तिनं प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला, उत्तराची रीत विचारली आणि रीत सांगताना जिथं खटकलं तिथं पुन्हा वाचायला सांगितलं. घरातल्या तयारीचा गाभा एवढाच आहे, असं माझं ठाम मत आहे. 'तू हे कसं काढलंस?' हा प्रश्न रोज पाच-सहा उदाहरणांना विचारला, तर गठ्ठाभर सराव पेपरांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. उत्तर चुकलं तरच विचारायचा असं मात्र करू नये, नाहीतर 'कसं काढलंस' म्हटलं की मूल लगेच उत्तर खोडायला लागतं. बरोबर आलेल्या उत्तरालाही तो विचारावा. कधीकधी चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर आलेलं असतं, आणि ते फक्त असं बोलतानाच सापडतं.

यामागे बराच अभ्यास झालेला आहे. मिशेलिन ची या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना रक्ताभिसरणाचा धडा दिला होता. एका गटानं तो दोनदा वाचला. दुसऱ्या गटातल्या मुलांनी प्रत्येक वाक्य वाचून झालं की त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्वतःलाच समजावून सांगायचा होता. या दुसऱ्या गटाला धडा जास्त कळला, आणि ज्यांनी जास्त वेळा समजावून सांगितलं त्यांना आणखी चांगला कळला. समजावताना मुलाला स्वतःच्याच समजुतीतली फट दिसते. नुसतं वाचताना ती झाकलेली राहते.

मुळशीच्या डोंगराळ भागात या बोलण्याला आणखी एक अंग आहे. कातकरी वाडीवरच्या मुलाची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. इतर घरांतही पुस्तकी भाषा रोज कुणी बोलत नाही. 'खालीलपैकी कोणते विधान असत्य आहे?' या प्रश्नात गणित सोपं असलं तरी 'असत्य' या शब्दाशीच मूल अडकतं. म्हणून प्रश्न वाचून झाला की तो घरच्या बोलीत पुन्हा सांगायला लावावा. 'यातलं खोटं कुठलं, ते विचारतायत' असं मूल म्हणालं, की प्रश्न त्याचा झाला. घरची बोली म्हणजे अभ्यासातला अडथळा असं मानून ती तोडायला सांगणारे लोक मुलाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार काढून घेतात.

चुकीच्या उत्तरांसाठी एक वेगळी वही ठेवावी. त्या वहीत प्रश्न उतरवायचा, आपण कोणता पर्याय निवडला होता तो लिहायचा आणि शेजारी एका ओळीत 'का चुकलं' ते. हे कारण मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. 'घाई केली' हे कारण चालवून घेऊ नये, कारण त्यातून पुढे करायचं असं काहीच निघत नाही. 'मीटरचे सेंटिमीटर केलेच नाहीत', 'आरशातली आकृती विचारली होती, मी पाण्यातली काढली', 'इंग्रजीतला शब्द माहीत नव्हता' अशी कारणं हवीत. महिनाभरात वही बोलू लागते. एखाद्या मुलीच्या वहीत पानोपानी एकक बदलायचं राहिलेलं दिसतं. बाकी सगळं गणित तिला येतं. तिला पूर्ण पुस्तक पुन्हा करायला लावणं म्हणजे तिच्या वेळेची नासाडी आहे.

आता स्मरणाबद्दल. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेल्यापैकी बराच भाग सुरुवातीच्या तासांतच विसरतो, आणि थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा उजळणी केली की तेच जास्त टिकतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. घरी याचा अर्थ असा, की पुस्तक उघडं ठेवून 'वाच, वाच' म्हणण्यापेक्षा पुस्तक मिटून 'काय आठवतं ते सांग' म्हणावं. आठवताना मूल अडखळतं, वैतागतं, ते बघवत नाही. पण शिकणं नेमकं त्या अडखळण्यात होत असतं, आणि पालकानं लगेच उत्तर सांगून टाकलं की ती संधी जाते. थोडं थांबावं.

सरावाची मांडणीही अशीच फसवी असते. मार्गदर्शिकेत एका प्रकरणात सगळे शेकडेवारीचे प्रश्न, पुढच्यात सगळे क्षेत्रफळाचे. प्रकरण सोडवताना मूल झरझर पुढे जातं, कारण कोणती रीत वापरायची ते शीर्षकानंच सांगितलेलं असतं. परीक्षेत शीर्षक नसतं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं ८९ टक्के बरोबर आली, तर मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सलग सोडवणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून सोडवणारे ६३ वर होते. म्हणजे सरावात जे छान चाललेलं दिसतं त्यावर फार विसंबू नये. रीत एकदा समजली की चार वेगवेगळ्या प्रकरणांतली दोन-दोन उदाहरणं एकत्र घालावीत.

यात मुळशीसारख्या भातपट्ट्यातल्या घरांना दिलासाही आहे. जुलैत लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी, आणि त्या दिवसांत घरात कुणालाच उसंत नसते. अभ्यासात दहा दिवसांचा खंड पडला म्हणून घाबरायचं कारण नाही. खंडानंतर आधी केलेलं आठवून पाहणं हीसुद्धा उजळणीच आहे, आणि ती चांगली उजळणी आहे. परीक्षा बहुतेक वर्षी फेब्रुवारीत असते. जूनपासून रोज अर्धा तास आणि कामाच्या दिवसांत सुट्टी, एवढं शेवटच्या दोन महिन्यांत रोज चार तास बसवण्यापेक्षा कितीतरी बरं. लहान वयात झोपही अभ्यासाइतकीच मोजून सांभाळावी लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. पहाटे चारला उठवून पाढे म्हणवून घेणाऱ्या घरांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

शेतीच्या कामातही परीक्षेचे प्रश्न दडलेले आहेत. चारसूत्री पद्धतीनं भात लावताना दोरीवर २५ आणि १५ सेंटिमीटरवर आलटून-पालटून खुणा केलेल्या असतात. पहिल्या खुणेपासूनची अंतरं लिहिली तर ०, २५, ४०, ६५, ८०, १०५ अशी मालिका होते. पुढची संख्या कोणती? बुद्धिमत्ता चाचणीतला संख्यामालिकेचा हा शुद्ध नमुना आहे. उत्तर १२०. मूल १३० म्हणालं, तर त्यानं दोन संख्यांमधला फरक पाहिला पण फरकांचा आलटून-पालटून क्रम हेरला नाही. दोरी हातात धरली की तेही दिसतं. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असते. 'सव्वादोन डझन अंडी म्हणजे किती?' असं आजोबांनी विचारलं आणि नातवानं तोंडी २७ सांगितलं, की अपूर्णांकाचं एक प्रकरण जेवणाच्या ताटावर झालं. शाळेच्या पुस्तकातून हे पाढे हळूहळू गेले, पण ७२ सेकंदांच्या हिशेबात त्यांचा उपयोग आजही आहे.

शिकलेल्या पालकांना इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे मुलांना गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही धास्ती वाढली. असेच धास्तावलेले पालक जिथे कमी मदत करत होते तिथे असा परिणाम दिसला नाही. हिंजवडीहून रात्री आठला दमून आलेला बाप मुलाशेजारी बसतो, 'हे इतकं सोपं आहे, तरी येत नाही तुला?' म्हणत पेन हिसकावून स्वतःच उदाहरण सोडवतो, तेव्हा त्या मुलाच्या हाती फक्त बापाची चीड येते. अशा दिवशी बसूच नये. उलट पालकांना एखादं गणित येत नसेल तर तसं खुशाल सांगावं. 'मला नाही येत, तू मला शिकव' हे वाक्य मुलाला फार आवडतं. उद्या गुरुजींना विचारायचा प्रश्न म्हणून ते वहीत लिहून ठेवावं, आणि गुरुजींनी सांगितलेलं मुलानं संध्याकाळी घरी येऊन शिकवावं.

उत्तरपत्रिकेचं तंत्र हा वेगळा विषय आहे. उत्तर येत असून गुण जातात ते इथेच. मुलांना गोल रंगवायची संगणकीय उत्तरपत्रिका दिली जाते. गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं रंगवायचा, आणि एकदा रंगवला की बदलता येत नाही. गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पण आधी दोन नक्की चुकीचे पर्याय बाद करून मग उरलेल्यांतून निवडायची शिस्त लावावी. मोठ्या वर्गाच्या पेपरात काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात. तिथे दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात, त्यामुळे प्रश्नाशेजारची सूचना वाचणं जरुरीचं आहे. सगळ्यात मोठा धोका ओळ घसरण्याचा. विसावा प्रश्न नंतर करू म्हणून सोडला आणि एकविसाव्याचं उत्तर विसाव्या ओळीत रंगवलं, की पुढचं सगळं खाली-वर होतं. याला उपाय सरावाचाच आहे. कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या चार-पाच झेरॉक्स काढाव्यात आणि परीक्षेआधीच्या महिन्यात आठवड्यातून एकदा पूर्ण पेपर घड्याळ लावून त्यावर सोडवावा. वेगाचा सराव करायचा तो या टप्प्यावर. त्यासाठी लागणाऱ्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शाळेतूनही मिळवता येतात. महागड्या चाचणी-मालिका विकत घेतल्या नाहीत म्हणून काही अडत नाही.

शिष्यवृत्तीच्या शेजारी दोन परीक्षा आहेत, त्यांची ओळख असलेली बरी. आठवीतल्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. यातही दोन पेपर असतात, एक बौद्धिक क्षमतेचा आणि दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला मिनिटच. मुळशीच्या आतल्या भागातली कितीतरी घरं या अटीत बसतात. उत्पन्नाचा दाखला पौडच्या तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवणं, हासुद्धा तयारीचाच भाग आहे.

दुसरी नवोदयची. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात देशात दोन ठिकाणी झाली, त्यातलं एक आपलं अमरावती. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. त्यातला निम्मा भाग मानसिक क्षमतेचा, बाकी अंकगणित आणि भाषेचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात आणि परीक्षा एकदाच देता येते. तयारीचे नियम वर सांगितले तेच. मात्र ही शाळा निवासी आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घर सोडून राहायचं आहे, हे फॉर्म भरण्याआधी त्याच्याशी मोकळेपणानं बोलावं, आणि ते नको म्हणालं तर ऐकावं.

निकाल काहीही लागला तरी त्याचा अर्थ किती लावायचा, याला इतिहासाचा आधार आहे. बुद्धिमत्ता चाचणीची सुरुवात १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी केली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जादा मदतीची गरज आहे ते ओळखायचं, हा तिचा हेतू होता. मुलांवर कायमचा शिक्का मारायला बिनेंचा विरोध होता. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी जुळवून घेतली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. फ्रेंच किंवा अमेरिकन मुलाला ओळखीची चित्रं आणि वस्तू इथल्या मुलाला ओळखीच्या नसतात, म्हणूनच चाचणी इथल्या मुलांसाठी वेगळी बांधावी लागली. म्हणजे गुण मुलाच्या डोक्याबरोबरच त्याच्या ओळखीच्या जगावरही ठरतात. शिष्यवृत्तीत ४० टक्के मिळाले नाहीत म्हणून 'आमचं पोर ढ आहे' असं पाहुण्यांपुढे म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. ते वाक्य मुलाला परीक्षेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं लक्षात राहतं. तीन तासांच्या कागदाला इतका अधिकार देऊ नये.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवं काही शिकवू नये. चुकांची वही चाळायला द्यावी, प्रवेशपत्र आणि दोन पेनं पिशवीत ठेवावीत आणि केंद्रावर जायला गाडी कोणती ते ठरवावं. आतल्या खोऱ्यातून सकाळची एकच बस असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून जीप ठरवलेली बरी. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत पहिल्या पेपराची उत्तरं पडताळायला लावू नये. डबा खाऊ द्यावा, पाणी द्यावं, मित्रांबरोबर खेळू द्यावं. पहिल्या पेपरातली एखादी चूक मधल्या वेळेत कळली, तर दुसरा पेपर तिच्याच विचारात जातो.

त्यानंतरच्या एका कामाकडे बहुतेक घरांचं दुर्लक्ष होतं. उत्तरपत्रिकेची कार्बनलेस प्रत आणि प्रश्नपत्रिका मुलाजवळच राहते. काही दिवसांनी परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि तिच्यावर आक्षेप मागवते. त्यावर विचार करून मग अंतिम सूची लागते. अंतरिम सूची आली की मुलाशेजारी बसून एकेक प्रश्न जुळवावा. सूचीतलं उत्तरच चुकीचं वाटलं, तर मुलाला त्याची बाजू मांडू द्यावी, पुस्तकातला आधार शोधू द्यावा आणि आधार भक्कम असेल तर मुदतीत आक्षेप नोंदवावा. आक्षेप मान्य झाला तर उत्तरसूचीत बदल होतो. चुकलेले प्रश्न त्याच वहीत कारणासकट उतरवून ठेवावेत. पुढची शिष्यवृत्ती परीक्षा तीन वर्षांनी असते, आणि तिच्या तयारीला पहिल्या दिवशी हीच वही उघडता येते.